सकाळी सव्वानऊचं रक्त

शनिवार, सायंकाळी 6.10
संगमनेर तालुक्यातला आमचा गोठा. चौथ्या वेताची एचएफ संकरित गाय व्यायली, कालवड झाली. गाय आणखी 27 तास जगणार होती.
गोठ्यातल्या वहीत माझ्याच हातची नोंद होती : मागच्या वेताला व्याल्यावर बसली, कॅल्शियम दिलं. तरी आटवल्यापासून रोज लसूणघास चालू होता. त्यात पोटॅशियम फार. त्यानं हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरायला उशीर होतो.

सायंकाळी 7.30
9 लिटर चीक काढला. कास पूर्ण रिकामी केली. लिटरभर चिकात 2 ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम.

रविवार, सकाळी 6.00
गव्हाणीत निम्मी वैरण तशीच. वार पडली नव्हती. कान गार लागले. पहाटेचा गारठा, असं मी धरलं. पुन्हा 7 लिटर काढले.

सकाळी 9.15
डॉक्टर वारेसाठी आले. मी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो, गोठ्यात पुतण्या होता.
डॉक्टरांनी शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलं. एक थेंब पट्टीवर टाकला. दहा सेकंदांत यंत्रावर आकडा आला : 0.6. किटोसिसचा धोका 1.2 पासून पुढे. पुतण्यानं मला फोन केला, "काका, रक्त चांगलं आहे."
यंत्रानं कीटोन मोजले होते. किटोसिस बहुधा पुढच्या काही आठवड्यांत गाठतो. पहिल्या दिवसाचा घात कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो. गोठ्यातच कॅल्शियम मोजणारी छोटी यंत्रंही मिळतात. डॉक्टरांच्या पेटीत तसं यंत्र नव्हतं. उरलेलं रक्त नळीत भरलं, सोमवारी प्रयोगशाळेत पाठवायला.
"मागच्या वेताला बसली होती का रे?" डॉक्टरांनी विचारलं.
"नाही," पुतण्या म्हणाला. वही खुंटीला होती.

दुपारी 1.40
गाय मागचे पाय आलटून पालटून टेकत होती. मांडीचं कातडं थरथरत होतं. माश्या असतील म्हणून धूर केला.

सायंकाळी 5.20
धारेला उठवायला गेलो. उठली नाही. मान कुशीकडे वळवून बसली होती, नाकपुडी कोरडी. तापमान 98.6 फॅरनहाइट. निरोगी गाईचं 101.5 च्या आसपास असतं. आजाराचं नाव दुग्धज्वर, पण अंग गार पडतं.

सायंकाळी 6.05
फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावात अडलेल्या गाईपाशी होते.

सायंकाळी 7.00
बाटलीनं गूळपाणी पाजलं. ती ठसकली. अशा वेळी घशाचे स्नायू ढिले पडलेले असतात, पाजलेलं फुप्फुसात जातं. हे मला नंतर कळलं.

रात्री 8.50
डॉक्टर आले तेव्हा गाय आडवी झाली होती, पोट फुगलेलं. 450 मिलिलिटर कॅल्शियम मानेच्या शिरेतून हळूहळू सोडलं. सोडता सोडता ते छातीचे ठोके ऐकत होते.

रात्री 9.25
ठोके थांबले.

मंगळवार, सकाळी 11.00
रिपोर्ट आला. कॅल्शियम 5.9. निरोगी गाईत 8.5 ते 10.
खाली नमुना घेतल्याची वेळ होती : रविवार, सकाळी 9.15. तेव्हा गाय उभी होती. कॅल्शियमची बाटली डॉक्टरांच्या पेटीत होती.