तबकडीची लिपी आणि घरचा प्रिॲम्प्लिफायर



ग्रामोफोनच्या तबकडीवर गायकाचा आवाज जसाच्या तसा कोरलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. १९२५ नंतर विद्युत्-पद्धतीने मुद्रित झालेल्या तबकड्यांवर खर्जाचे स्वर मुद्दाम दुबळे करून कोरलेले असतात. पुढील काळातील तबकड्यांवर तर तार स्वर मुद्दाम फुगविलेलेही असतात. ऐकतेवेळी ही काटछाट उलटी फिरवून मूळ आवाज परत मिळवावा लागतो. हे काम ज्या लहानशा उपकरणाकडे सोपविलेले असते, त्यास प्रिॲम्प्लिफायर किंवा पूर्ववर्धक असे म्हणतात. आज पुष्कळ हौशी मंडळी हे उपकरण घरच्या घरी जोडीत असतात. त्यांच्या उद्योगामागे जो इतिहास आहे, तो थोडक्यात सांगण्याचा आजचा हेतू आहे.

खर्जाशी एवढे वैर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण अगदी साधे आहे. तबकडी कोरणारी सुई डावीउजवीकडे हेलकावे घेते. स्वराचा जोर तोच ठेवून तो एक सप्तक खाली आणला, तर तिचा हेलकावा दुप्पट होतो. एक हजार आवर्तनांच्या स्वरास जेवढी जागा लागते, तिच्या वीसपट जागा पन्नास आवर्तनांचा स्वर मागू लागतो. मग सुई शेजारच्या रेषेत घुसावयाची! कर्ण्यापुढे तोंड करून गाण्याच्या काळात ही अडचण फारशी भासली नाही, कारण कर्ण्यात खोल खर्ज पोहोचतच नसे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी, विशेषतः मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी, मायक्रोफोन आणि व्हाल्व्ह यांच्या साहाय्याने मुद्रणाची नवी पद्धत सिद्ध केली, आणि १९२५ मध्ये व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनी ती स्वीकारली, तेव्हा प्रथमच खर्ज तबकडीपर्यंत येऊन पोहोचला. तो येताच त्यास आवर घालणे प्राप्त झाले. एका ठराविक आवर्तनसंख्येच्या खाली हेलकावा वाढू द्यावयाचा नाही, अशी योजना झाली.

पण ही मर्यादा कोणती? येथेच घोटाळ्यास आरंभ झाला. कोणी ती अडीचशे आवर्तनांवर धरली, कोणी पाचशेवर, तर कोणी मध्येच कोठेतरी. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन या विलक्षण बुद्धीच्या इंजिनियराने १९३० च्या सुमारास जी पद्धत तयार केली, तिची अडीचशेची मर्यादा जाणकार आजही त्याच्याच नावाने ओळखतात. (१९३१ मध्ये द्विकर्णी ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागणारा गृहस्थ तो हाच. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असता विमान कोसळून त्याचा अंत झाला. तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती.) पुढे तबकडीची खरखर झाकण्यासाठी तार स्वर वाढवून कोरण्याची युक्ती निघाली. ऐकताना ते स्वर खाली आणले म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही खाली जाते. युक्ती उत्तम, पण किती वाढवावयाचे, याविषयी पुन्हा प्रत्येकाचे मत निराळे. पाणबुड्यांच्या आवाजांतील सूक्ष्म भेद ओळखण्याच्या युद्धकालीन कामातून डेक्का कंपनीची पूर्ण पल्ल्याची मुद्रणपद्धत निघाली, तिचा हिशेब वेगळा. कोलंबियाने १९४८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे तेहतीस व एक तृतीयांश फेऱ्यांची दीर्घ तबकडी जगापुढे ठेवली, तिचा वेगळा. पुढल्याच वर्षी आर. सी. ए. ने पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी काढली, तिचाही वेगळाच.

सामान्य श्रोत्यास यातले काही कळत नसे, आणि त्याची पूर्ववर्धकावाचून अडतही नसे. त्या काळच्या बहुतेक रेडिओग्रामांत स्फटिकाचा पिकअप असे. त्यातून निघणारा विद्युद्दाब रेडिओच्या व्हाल्व्हला पुरेसा होई, आणि त्याच्या अंगच्या गुणामुळे खर्जाची भरपाई बरीचशी आपोआप होत असे. चुंबकीय पिकअप आला तेव्हा हे सुख संपले. तो नाजूक, अधिक प्रामाणिक, तबकडीस कमी घासणारा. पण त्यातून मिळतो तो सुमारे पाच मिलिव्होल्टांचा दाब, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेवा भाग. त्यास शंभरपट वाढवावे लागे, आणि वाढवीत असतानाच खर्ज उचलून तार स्वर दाबावे लागत. तसे उपकरण दुकानात घ्यावे तर महाग. ज्यास हवे त्याने ते स्वतः करावे, हे ओघानेच आले.

युद्ध नुकतेच संपले होते. सैन्याचे शिल्लक सामान, व्हाल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर, कंडेन्सर, लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत स्वस्तात विकले जात होते. न्यूयॉर्कच्या कोर्टलँट रस्त्यावर रेडिओच्या सामानाची पेठच होती. पुढे जागतिक व्यापार केंद्र बांधण्यासाठी ती जमीनदोस्त झाली. अशा वेळी, १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकाने डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनियराच्या ॲम्प्लिफायरची रचना छापली. एक दशांश टक्क्याहून कमी विकृती हे त्याचे वैशिष्ट्य होते, आणि तीही पंधरा वॅटच्या पूर्ण जोरावर. इंग्लंडातच नव्हे, तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही लोकांनी ती रचना घरी उतरवली. १९४९ मध्ये त्याच लेखकाने ग्रामोफोनसाठी पूर्ववर्धकाची रचना दिली. मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. कारखान्यात बनलेल्या मालापेक्षा चांगला माल एखादा कारकून किंवा शाळामास्तर आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बनवू शकतो, अशी काही वर्षे या विद्येने पाहिली, आणि ती मासिकाच्या आठदहा पानांमुळे.

त्या वर्षांतील पूर्ववर्धकावर एक फिरता स्विच असे. तबकडी कोणत्या कंपनीची, हे पाहून तो फिरवावयाचा. अखेर १९५४ मध्ये रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेने एकच प्रमाण मान्य केले, आणि पुढील काही वर्षांत जगाने ते उचलले. त्यात तीन आकडे आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. आवर्तनांच्या भाषेत ते सुमारे ५०, ५०० आणि २१२० होतात. या तीन ठिकाणी वाढीची रेषा वळण घेते. वीस आवर्तनांच्या स्वरास वीस हजार आवर्तनांच्या स्वरापेक्षा जवळजवळ नव्वदपट अधिक वाढ मिळते, एवढ्यावरून हे वळण किती तीव्र आहे ते ध्यानी येईल.

घरी जोडणाऱ्याची खरी परीक्षा येथेच. हजार ओहमांत रेझिस्टर आणि मायक्रोफॅरडांत कंडेन्सर घेऊन त्यांचा गुणाकार केला की मिलिसेकंद मिळतात, हे पाठ्यपुस्तकात असते. पण एकाच जाळ्यात बसविलेले दोन रेझिस्टर आणि दोन कंडेन्सर परस्परांवर परिणाम करतात, हे विसरले की सारा हिशेब चुकतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टॅन्ली लिप्शिट्झ यांनी १९७९ मध्ये या जाळ्यांची नेमकी सूत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा बाजारातील कित्येक नामांकित उपकरणेही या हिशेबात घसरली असल्याचे उघड झाले. दुसरा शत्रू घरातील विजेचा. आपल्याकडील वीज पन्नास आवर्तनांची, आणि पन्नास आवर्तनांचा स्वर हा पूर्ववर्धक मधल्या स्वरापेक्षा सातपट अधिक उचलतो. म्हणून ट्रान्स्फॉर्मर दूर, वेगळ्या डब्यात ठेवावयाचा. भूमीच्या सर्व तारा एकाच बिंदूवर आणून जोडावयाच्या. पिकअपची तार आखूड आणि जाळीने वेढलेली असावयाची. हे न पाळणाऱ्यास गाण्याआधी गुणगुण ऐकावी लागते.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली, आणि हळूहळू ॲम्प्लिफायरांच्या पाठीवरील ‘फोनो’ असे लिहिलेले भोक नाहीसे झाले. तबकडी मात्र नाहीशी झाली नाही. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप, नगांच्या हिशेबाने, कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक झाला; असे १९८७ नंतर प्रथमच घडले. पूर्ववर्धक पुन्हा लागू लागला. आता व्हाल्व्हच्या जागी नखाएवढी चकती पुरते, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर एका फेरीत बहुतेक सामान गोळा होते.

परंतु आपल्या घरांत ज्या जुन्या तबकड्या आहेत, त्यांचे काय? भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरही निघत राहिल्या, आणि माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत त्या बहुधा त्याच. १९५४ पूर्वीची अशी तबकडी आजच्या तयार पूर्ववर्धकावर लावणे, म्हणजे मोडी दफ्तर बालबोध वाचणाऱ्याच्या हाती देणे होय. ज्या तबकडीत तार स्वर वाढविलेलेच नव्हते, तिचेही तार स्वर तो दाबून टाकतो. पाच हजार आवर्तनांचा स्वर निम्म्याहूनही खाली जातो. तंबोऱ्याची जवारी, शब्दांतील स-श, गायकाचा श्वास ही सर्व तेथेच राहतात. ऐकणारा म्हणतो, जुने मुद्रणच मंद होते. तसे ते नसते.

अब्दुल करीम खाँसाहेबांचेच उदाहरण घ्या. १९०५ च्या सुमारास त्यांनी कर्ण्यात गाऊन दिलेल्या तबकड्या आहेत, आणि १९३० नंतरच्या मायक्रोफोनपुढच्याही आहेत. दोन्हींना एकच वाचन लागू पडत नाही. म्हणून घरी पूर्ववर्धक जोडणारा जाणता मनुष्य १९५० पूर्वीचा तो फिरता स्विच पुन्हा बसवितो: एक खटका आजच्या प्रमाणाचा, एक अडीचशेचा, एक पाचशेचा, आणि तार स्वरांसाठी निराळा. ७८ च्या तबकडीस तीन सहस्रांश इंचाची रुंद सुई लावतो, कारण दीर्घ तबकडीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी खडखडत राहते. कर्ण्याच्या काळातील तबकडीस तर कोणताच छापील आकडा नाही. तेथे खटका एकेक घर पुढेमागे सरकवीत, गायकाचा आवाज माणसाचा वाटेपर्यंत बसावे लागते.