विश्वास मोजावा कसा?

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात चलथाण स्टेशन येते. या गावात गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी वळणाची मराठीही कानी पडते. कोणी खानदेशातून कापडाच्या कारखान्यात कामास आलेला असतो, कोणी उसाच्या हंगामात तोडीसाठी. यांच्या मिळकतीतला काही भाग गावी जातो. पूर्वी तो मनीऑर्डरीने जाई, किंवा गावाकडे निघालेल्या एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हाती जाई. आज तो मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकविताच जातो. वाट बदलली, पण पाठविणाऱ्याच्या मनातला प्रश्न बदललेला नाही. पैसा सुखरूप पोहोचेल ना? हा प्रश्न आपल्याकडे कोणी व कसा विचारला आणि त्याचे उत्तर कसे शोधले, याची थोडी हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

आरंभ सुरतेपासूनच करणे योग्य होईल. मोगल अमदानीत हे बंदर हिंदुस्थानच्या व्यापाराचे मोठे दार होते आणि येथील सराफांच्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटत. हुंडी म्हणजे केवळ एक कागद. परंतु त्या कागदाभोवती सुरक्षिततेची तटबंदी मोठ्या कौशल्याने उभारलेली असे. रक्कम आकड्यांत लिहून भागत नसे; ‘निमे’ म्हणून तिची अर्धी रक्कम लिहावयाची आणि तिची दुप्पट म्हणून पुन्हा पूर्ण रक्कम लिहावयाची. आकड्यात फेरफार करणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होई. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत, बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत. हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती.

तरीही धोका उरेच, आणि तो मोजण्याचेही एक माप होते. त्याचे नाव हुंडणावळ. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने निरनिराळ्या शहरांहून सुरतेवर होणाऱ्या हुंड्यांचे दर टिपून ठेविले आहेत. दर इतके चढे का, याचे कारणही तो देतो. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडत, ते जोखीम दरातच धरलेले असे. म्हणजे त्या काळी सुरक्षिततेविषयी कोणी कोणास प्रश्न विचारीत नसे. बाजारभावच उत्तर देई. मात्र ते उत्तर सराफाला उपयोगी होते. गरिबाला हुंडीशी कर्तव्य नव्हते, आणि त्याची भीती कोणत्याच दरात उमटत नव्हती.

विचारून माहिती काढण्याचा मोठा सरकारी प्रयत्न १९२९ साली झाला. त्या वर्षी मध्यवर्ती बँकिंग चौकशी समिती नेमली गेली आणि प्रांतोप्रांती तिच्या जोडीच्या समित्या बसल्या. सुरत जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. समित्यांनी छापील प्रश्नपत्रिका पाठविल्या व साक्षी घेतल्या. मध्यवर्ती समितीचा अहवाल १९३१ साली बाहेर आला. तो उद्योग मोलाचा खरा. पण छापील प्रश्नांना लेखी उत्तर कोण देणार? ज्याला लिहिता येते आणि आपले मत सरकारदरबारी जावे असे वाटते, तोच. साक्षीदार स्वतःहून पुढे येतो, आणि जो पुढे येत नाही त्याचे दुःख अहवालात शिरत नाही. पाहणीच्या शास्त्रातला हा पहिला दोष होय.

तो दूर करण्याची युक्ती आपल्या गृहिणींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा! मात्र शीत वरचेच घेऊन चालत नाही. भात ढवळून मगच ते उचलले पाहिजे. या ढवळण्याला प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी आपल्या देशात शास्त्राचे रूप दिले, आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी ‘नमुना पाहणी’वर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिला. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, ती याच मार्गाने. गोरवाला समितीच्या या कामात पुण्याचे धनंजयराव गाडगीळ एक सभासद होते. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहिली गेली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के इतकाच आढळला. त्या आकड्यांनी देशाचे धोरण बदलले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि सहकाराला नवे बळ मिळाले.

या पाहणीची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिने एकट्या कर्जदारालाच विचारले नाही. सावकार, बँका आणि सोसायट्या यांच्याकडेही चौकशी केली. पैसा घेणारा काय म्हणतो आणि देणारा काय म्हणतो, हे दोन्ही मांडून ताळा पाहिला.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांत संगणक आणण्याचा आराखडा दिला. २००४ साली मोठ्या रकमा तत्काळ पोहोचविणारी आर.टी.जी.एस. पद्धत आली, २००५ साली एन.ई.एफ.टी. आणि २०१६ साली यूपीआय. हुंडीची ‘निमे’ आणि ‘शहाजोग’ यांची जागा संकेतशब्दाने आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली. पण या तटबंदीची परीक्षा कशी करावयाची? नुसते ग्राहकास विचारून पुरेल काय?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जे संकट आले, त्याने याचे उत्तर दिले आहे. दूर कोठे तरी बसलेल्या चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून एटीएमच्या विचारणांना खोटी मंजुरी देण्याची व्यवस्था केली. अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे निघाले, पुढे एक मोठी रक्कम हाँगकाँगला वळविली गेली, आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पण खातेदारांच्या शिलका तशाच राहिल्या होत्या. चोरी झाली ती बँकेच्या पैशाची. त्या दिवशी कोणी खातेदारांची पाहणी केली असती, तर सर्वांनी ‘आमचे पैसे ठीक आहेत’ असेच सांगितले असते, आणि ते खरेही असते!

याच्या उलट प्रकार आमच्या गावी मी पाहिला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका पालकांस खात्याचा क्रमांक विचारला. ते म्हणाले, “सर, ते खाते नको, हिच्या नावाचे लिहा.” मी कारण विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग हळूच सांगितले की, बँकेचा माणूस म्हणून कोणी फोन केला, यांनी ओटीपी सांगितला आणि हंगामाची कमाई गेली. बँकेत तक्रार केली का, असे विचारता ते म्हणाले, “चूक माझीच, सर. कोणाला सांगू? घरीही सांगितलेले नाही.” येथे बँकेची यंत्रणा शाबूत होती. यंत्रणेची तपासणी करणाऱ्याने निर्धास्तपणे ‘सुरक्षित’ असा शेरा मारला असता.

रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकाने असे ठरविले की, बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले तर ग्राहकावर बोजा पडू नये. मात्र ग्राहकाने गुप्त संकेत दुसऱ्यास दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे. नियम समजण्यासारखा आहे. पण त्याचा एक परिणाम असा की, ज्याची चूक झाली तो गप्प बसतो. तक्रारींच्या नोंदवहीत तो सापडत नाही, आणि दारावर आलेल्या पाहणी करणाऱ्यासही तो ‘नाही’ म्हणूनच सांगतो.

आमच्या कॅथोलिक समाजात धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करण्याची प्रथा आहे. तेथे माणूस मन मोकळे करतो, कारण ऐकलेले बाहेर जाणार नाही याची त्याला खात्री असते. पाहणी करणाऱ्याने हे गमक घ्यावे. नाव लिहू नये; फसलेल्यास अडाणी ठरविणारा शब्द वापरू नये. ‘आपले व्यवहार सुरक्षित आहेत का?’ असा मोघम प्रश्न न विचारता, ‘गेल्या वर्षात आपण न सांगता खात्यातून पैसे गेले काय? कोणास व किती दिवसांनी कळविले?’ असे नेमके विचारावे. रिझर्व्ह बँकेने २०१८-१९ च्या हिवाळ्यात सहा शहरांतील सहा हजार व्यक्तींना पैसे देण्याच्या सवयींविषयी विचारले. तो प्रायोगिक आरंभ स्तुत्य होता. पण ती सारी मोठी शहरे होती. चलथाणसारखी गावे आणि उसाच्या फडातल्या झोपड्या त्या भातात ढवळल्या गेल्या पाहिजेत.

श्रोतेहो, १९५१ साली गोरवाला समितीने जो धडा घालून दिला, तोच येथेही लागू आहे. यंत्रणा तज्ज्ञांनी तपासावी, बँकेच्या अधिकाऱ्यांस विचारावे, खातेदारास विचारावे आणि मग तिन्हींचा ताळा घ्यावा. जेथे ताळा जुळत नाही, तेथेच चोराची वाट असते. आणि ती शोधताना, जो बोलत नाही त्याच्या दाराशी जरा अधिक वेळ थांबावे. त्या पालकांनी मला जे सांगितले, ते मी अर्जातला रकाना भरण्याची घाई केली असती तर कधीच कळले नसते.