जुगाराचीं यंत्रें आणि राजसत्ता

द्यूताविषयीं आपल्या शास्त्रकारांत एकमत नव्हतें, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नसते. मनूनें द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजीवरील पैजा, हीं दोन्ही राजानें आपल्या राज्यांतून समूळ काढून टाकावीं असें सांगितलें. याज्ञवल्क्यानें मात्र द्यूत एकाच ठिकाणीं व राजाच्या देखरेखीखालीं चालूं द्यावें, म्हणजे त्यायोगें चोरांचा सुगावा लागतो, असा व्यवहारी सल्ला दिला. कौटिल्य तर याहूनहि पुढें गेला. त्यानें द्यूताध्यक्ष नेमला. फासे व कवड्या सरकारांतून भाड्यानें देण्याची व्यवस्था लावली. जिंकलेल्या रकमेवर शेंकडा ५ असा राजभाग ठरविला. आणि अध्यक्षानें ठेवलेले शुद्ध फासे काढून त्यांच्या जागीं दुसरे घालणारास १२ पणांचा दंड लिहून ठेवला. निषेध कीं नियंत्रण, हा वाद निदान तेव्हांपासूनचा आहे.

या तिघांच्याहि मनांत एक गोष्ट गृहीत होती: जुगार माणूस माणसाशीं खेळतो. युधिष्ठिराचें सर्वस्व जावयास समोर शकुनि बसावा लागला. दोघांच्या मध्यें पट असे, भोंवतीं बघे असत, फासा टाकावयास हात लागे आणि हात थकतहि असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत जें घडलें तें हेंच कीं, या दृश्यांतून शकुनि नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं एक लोखंडी पेटी आली.

ब्रुकलिन येथील सिटमन आणि पिट या कारखानदारांनीं १८९१ सालीं पत्त्यांचें एक यंत्र काढलें. त्यांत ५ फिरते गोल असून त्यांवर ५० पत्ते लावलेले असत. नाणें टाकून दांडा ओढला कीं पत्ते फिरत व पोकर या खेळांतील एखादा डाव जुळे. पत्त्यांचा संच ५२ चा आणि यंत्रांत ५० कसे, असें चाणाक्ष वाचक विचारील. दोन पत्ते बहुधा मुद्दामच वगळलेले असत. त्यामुळें सर्वांत मोठा डाव जुळण्याची शक्यता निम्म्यावर येई. यंत्र पैसे देत नसे. दुकानदार बिअरचा पेला किंवा सिगार देई. पुढें सान फ्रान्सिस्को येथें चार्लस फे नांवाच्या बव्हेरियांत जन्मलेल्या कारागिरानें तीनच चक्रांचें एक सुटसुटीत यंत्र तयार केलें व त्यास ‘लिबर्टी बेल’ हें नांव दिलें. हें यंत्र जिंकणारास नाणीं स्वतःच मोजून देई. येथें मध्यस्थाचीहि गरज संपली.

या यंत्राच्या पुढील इतिहासांत कायदा व पळवाट यांची शर्यत आहे. सान फ्रान्सिस्को शहरानें १९०९ मध्यें तीं बंद केलीं, तेव्हां कारखानदारांनीं त्यांना च्युइंग गमच्या विक्रीयंत्राचा वेष चढविला. नाणें टाका, गम घ्या. वर काय मिळेल तें नशीब! चेरी, संत्रें, लिंबू हीं जीं चित्रें अद्याप या यंत्रांवर दिसतात, तीं त्या गमच्या स्वादांचीं होत. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्दिया यांनीं १९३४ मध्यें जप्त केलेलीं यंत्रें हातांत घण घेऊन फोडलीं आणि तीं समुद्रार्पण करविलीं. त्याचीं छायाचित्रें जगभर गेलीं. यंत्रांचा मालक फ्रँक कॉस्टेलो यानें आपला व्यापार न्यू ऑर्लिन्सला हलविला, इतकेंच. घणानें पेटी फुटते, धंदा फुटत नाहीं. उलट नेव्हाडा संस्थानानें १९३१ मध्येंच जुगार कायदेशीर करून घेतला होता. म्हणजे मनु आणि याज्ञवल्क्य हे दोघेहि एकाच देशांत, एकाच दशकांत नांदत होते म्हणावयाचे.

परंतु खरी क्रांति झाली ती १९८४ सालीं, आणि तिची बातमी सामान्य माणसापर्यंत कधीं पोंचलीच नाहीं. तोंपर्यंत चक्र हें खरोखरीचें चक्र होतें. त्यावर २० चित्रें असलीं तर प्रत्येकाची पाळी विसांत एकदां, आणि तिन्ही चक्रांवर ठराविक चित्र येण्याचा संभव ८,००० त एक. त्यामुळें मोठें बक्षीस ठेवणें मालकास परवडत नसे, आणि चक्रें वाढवावीं तर गिऱ्हाइकास संशय येई. इंगे तेल्नेस नांवाच्या शोधकाला त्या वर्षीं जें पेटंट मिळालें, त्यानें ही अडचण दूर केली. आंतील संगणक एक आंकडा काढतो. कोणता आंकडा आला असतां चक्र कोठें थांबावयाचें, याचें कोष्टक आगाऊच ठरलेलें असतें. डोळ्यांना दिसणाऱ्या चक्रावर २२ जागा असल्या, तरी कोष्टकांत ६४ जागा असूं शकतात. बड्या बक्षिसाच्या चित्राला त्या ६४ पैकीं एकच जागा द्यावयाची, आणि त्याच्या लगतच्या वरच्या व खालच्या कोऱ्या जागांना मात्र पुष्कळ. मग तिन्ही चक्रांवर तें चित्र जुळण्याचा संभव २,६२,१४४ त एक इतका खालीं जातो. आणि याच कोष्टकामुळें तें चित्र रेघेच्या किंचित् वर किंवा किंचित् खालीं मात्र वारंवार दिसूं लागतें. खेळणाऱ्याला वाटतें, थोडक्यांत हुकलें! वस्तुतः हुकलें असें कांहीं नसतेंच. जें दिसतें त्याचा आणि जें घडतें त्याचा संबंध तुटलेला असतो. नेव्हाडाच्या नियामक मंडळानें १९८९ सालीं एका कंपनीचीं, हरलेल्या डावाला मागाहून ‘हुकल्याचें’ रूप देणारीं यंत्रें बेकायदा ठरविलीं. परंतु कोष्टकाच्या द्वारां तोच परिणाम साधणारीं यंत्रें चालूं दिलीं. हा भेद न्यायाच्या कांट्यावर कसा टिकला, हें मला तरी उमगत नाहीं. कौटिल्याच्या द्यूताध्यक्षानें अशा चक्राला कूट फासा म्हटलें असतें व दंड वसूल केला असता.

दुसरी गोष्ट वेगाची. मुंबईच्या मटक्यानें असंख्य संसार धुळीस मिळविले, यांत शंका नाहीं. तथापि मटक्याला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ होता, दोन आंकड्यांमध्यें कांहीं तास जात, आणि त्या तासांत माणसाला भूक लागे, बायको भेटे, कदाचित् पश्चात्तापहि होई. यंत्रावर सहा सेकंदांत एक डाव होतो. तासाला ६०० डाव. प्रत्येक डाव एक डॉलरचा धरला आणि यंत्र शेंकडा ९० परत करतें असें मानलें, तरी तासाचें सरासरी नुकसान ६० डॉलर होतें. ‘शेंकडा ९० परत’ ही पाटी वाचून गिऱ्हाईक समजतो कीं आपल्या शंभरांतले नव्वद सुरक्षित आहेत. पण तो ते नव्वद पुन्हा घालतो, त्याचे एक्यायशीं होतात. अशा दहा फेऱ्यांनंतर हातांत सुमारें पस्तीस उरतात. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानें अनिश्चित अंतरानें मिळणारें बक्षीस प्राण्याला सर्वांत घट्ट बांधून ठेवतें हें दाखविलें होतें, आणि १९५३ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें जुगाराचें उदाहरणहि दिलें होतें. अक्षसूक्तांतील द्यूतकार फाशांचा आवाज ऐकतांच आपला निश्चय विसरतो. त्या ऋषीला हें प्रयोगाविना ठाऊक होतें.

नियंत्रणाचा मार्ग निवडलेल्या सरकारांचें पुढें काय होतें, हें पाहावयाचें तर ऑस्ट्रेलियाकडे वळावें. न्यू साउथ वेल्स संस्थानानें १९५६ सालीं हीं यंत्रें सभासदांच्या क्लबांना कायदेशीर करून दिलीं. हेतु वाईट नव्हता: उत्पन्न मंडळींच्याच उपयोगी पडावें. क्लबांनीं मैदानें बांधलीं, स्वस्त जेवणें दिलीं. सरकारला कर मिळूं लागला. इतर संस्थानांनीं नव्वदीच्या सुमारास अनुकरण केलें. फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियानें तीं पर्थच्या एका कसिनोबाहेर येऊं दिलीं नाहींत. त्या देशाच्या उत्पादकता आयोगानें २०१० मध्यें जो अहवाल दिला, त्यांतील एक आंकडा विसरण्याजोगा नाहीं. यंत्रांवर जो पैसा खर्च होतो, त्यांतील अदमासें शेंकडा ४० व्यसनाधीन झालेल्या लोकांकडून येतो. धंद्याच्या उत्पन्नाचा एवढा मोठा भाग त्याच्या बळींवर उभा असेल, तर ‘जबाबदारीनें खेळा’ या पाटीला काय अर्थ उरतो? आयोगानें एका डावावर एक डॉलरची मर्यादा, आणि किती हरावयाचें तें खेळापूर्वींच ठरवून घेण्याची व्यवस्था सुचविली.

त्याच वर्षीं लोकसभेंत कोणासहि बहुमत मिळालें नाहीं, आणि टास्मानियाचे अपक्ष सभासद अँड्र्यू विल्की यांनीं हीच व्यवस्था सक्तीची करण्याच्या अटीवर जूलिया गिलार्ड यांना पाठिंबा दिला. क्लबांनीं देशभर विरोधाची मोहीम उघडली. २०११ च्या नोव्हेंबरांत विरोधी पक्षांतील एक सभासद सभापतिपदावर आले, सरकारचें एक मताचें ओझें हलकें झालें, आणि दोनच महिन्यांनीं विल्की यांना दिलेलें वचन मोडण्यांत आलें. ज्या उत्पन्नावर क्रीडांगणें, संस्था आणि खुद्द खजिना पोसला जातो, त्यावर हात टाकणें कोणत्याहि पक्षाला सोपें नसतें.

तरी तें अशक्य नाहीं, याचा पुरावा नॉर्वे आहे. तेथेंहि यंत्रांचा पैसा रेडक्रॉससारख्या परोपकारी संस्थांना जात असे, म्हणून हात लावणें दुप्पट कठीण. परंतु तेथील सरकारनें २००६ मध्यें प्रथम यंत्रांतून नोटा घेण्याची सोय काढली, आणि १ जुलै २००७ पासून खाजगी यंत्रें दुकानांतून व स्थानकांतून सरसकट हलविलीं. मालकांनीं न्यायालयांत दाद मागितली, ते हरले. त्यानंतर सरकारी कंपनीनें जीं नवीं यंत्रें आणलीं, त्यांत नाणें चालत नाहीं. खेळणाराच्या नांवाचें कार्ड लागतें, दिवसाची व महिन्याची हार ठराविक रकमेवर अडते, आणि तासाभरानें यंत्र विश्रांति घ्यावयास लावतें. मधल्या काळांत लोक दुसऱ्या जुगाराकडे लोटतील अशी भीति घातली गेली होती. नंतरच्या पाहण्यांत ती फारशी खरी ठरली नाहीं. ब्रिटननें २०१९ च्या एप्रिलांत पैजेच्या दुकानांतील यंत्रांवरील डावाची मर्यादा १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली. त्याला होत असलेल्या विलंबाच्या निषेधार्थ एका मंत्रिणीनें आधीं राजीनामा दिला होता. या दोन्ही उदाहरणांत कायद्यानें माणसाला उपदेश केला नाहीं. यंत्राचा वेग, डाव आणि तोंड आंवळलें.

आतां घराजवळ येऊं. जुगार हा आपल्या घटनेप्रमाणें राज्यांचा विषय. २०२५ सालीं संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तरी जमिनीवर किंवा पाण्यावर उभ्या असलेल्या यंत्रांचा निर्णय राज्यांकडेच आहे. १९७६ हें वर्ष या दृष्टीनें विलक्षण होय. गोव्यानें त्या वर्षीं सार्वजनिक जुगार बंद करणारा कायदा केला. महाराष्ट्रानें त्याच वर्षीं कसिनोंना परवाना व कर लावणारा कायदा केला. पुढें घडलें तें अगदीं उलट. गोव्यानें १९९२ मध्यें दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट करून दिली, १९९६ मध्यें जहाजांवर पटावरील खेळांना परवानगी दिली, आणि मांडवीच्या पात्रांत दिव्यांनीं उजळलेलीं जहाजें कायमचीं उभीं राहिलीं. २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना त्यांवर खेळावयास बंदी आहे. आपण काय विकतों हें विकणाऱ्यास पक्कें ठाऊक असल्याची याहून स्पष्ट कबुली कोणती? आपला मुलगा वांचवावा आणि शेजाऱ्याचा बुडाला तरी चालेल, असा हा न्याय झाला. आणि तो शेजारी बहुतकरून मुंबईचा, पुण्याचा किंवा बेळगांवचा असतो.

महाराष्ट्राचा कसिनो कायदा मात्र ४७ वर्षें पुस्तकांत पडून राहिला. कोणत्याहि सरकारनें तो अंमलांत आणला नाहीं, आणि कोणी रद्दहि केला नाहीं. मधून मधून कोणी तरी परवान्यासाठीं त्याचा आधार काढी. अखेर २०२३ सालीं विधिमंडळानें तो रद्द केला.