चकाकीचा हिशेब : मोटारीच्या झिलईची शंभर वर्षे

#धागा

१/
‘रबिंग-पॉलिशिंग’ करून आणलेली मोटार उन्हात उभी केली, की तिच्या दारात समोरचे झाड, वरचे आकाश आणि आपला चेहरा दिसू लागतो. ही चकाकी रंगाच्या डब्यातून येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग घासण्यातून आलेला असतो. ते कोणी घासले, कशाने घासले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे शोधू लागलो की बंदुकीची दारू, शिशाची विषबाधा, ब्राझीलमधील ताडवने आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल, हे सारे वाटेत भेटते. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी थोडे भौतिकशास्त्र. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि प्रतिबिंब उमटते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग फिका, मळकट वाटतो. म्हणून पॉलिश करणे म्हणजे उंचवटे घासून ओरखड्यांच्या तळापर्यंत पृष्ठभाग खाली आणणे. ही मुळात वजाबाकी आहे. मेणाचे काम वेगळे : ते वर बसते, बारीक खाचा भरून काढते आणि पाणी झटकते. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढील सारी कथा त्यावर उभी आहे.

३/
पहिल्या मोटारी रंगवल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांनी, त्यांच्याच पद्धतीने. जवसाच्या तेलात कालवलेला रंग आणि वर राळेचे व्हार्निश. लांबी भरायची, हात द्यायचा, वाळू द्यायचे, प्यूमिस या ज्वालामुखीजन्य दगडाने पाणी लावून घासायचे, पुन्हा हात द्यायचा. असे अनेक थर चढत. तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश कडक होते. त्याला घाई चालत नाही. परिणामी एका गाडीचा रंग पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत.

४/
या कामाला एक काळी बाजू होती. रंगाच्या खालच्या थरांत शिशाचा सफेदा असे. तो कोरडाच घासला की शिशाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात आणि पोटात जाई. अमेरिकेत औद्योगिक आरोग्यशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा रंगाऱ्यांच्या आरोग्यावरील अहवाल १९१३ साली सरकारने प्रसिद्ध केला. घासण्याची धूळ हा मोठा धोका आहे आणि ओले घासल्यास तो कमी होतो, हे त्यांनी ठामपणे मांडले. १९१९ साली त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. चकाकीच्या इतिहासात श्रमिकाच्या देहाची नोंद घेणारे हे आरंभीचे दस्तऐवज होय.

५/
दरम्यान हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात उत्पादनाचा वेग प्रचंड वाढला. ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली तेव्हा ती काळ्या रंगात मिळत नसे. हिरवा, लाल, करडा, निळा असे रंग होते. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती केवळ काळीच मिळे. डांबरवर्गीय काळा रंग स्वस्त व टिकाऊ होता, आणि मडगार्डसारखे धातूचे भाग त्यात बुडवून भट्टीत भाजता येत. ग्राहकाच्या आवडीपेक्षा रंगाचे रसायन वरचढ ठरले होते.

६/
ज्यांना रंगीत मोटारी विकायच्या होत्या, त्यांची अडचण साध्या गणिताने समजते. दिवसाला १,००० गाड्या तयार होत असतील आणि रंग वाळण्यास तीन आठवडे लागत असतील, तर कोणत्याही क्षणी २१,००० सांगाडे छपराखाली, धुळीपासून दूर, नुसते वाळत उभे असणार. तेवढी जागा, तेवढे भांडवल अडकून पडणार. इंजिन तासांत जोडले जाई; रंग मात्र अजून बग्गीच्या युगात होता.

७/
यातून सुटका केली ती युद्धसामग्रीने. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया केल्यास स्फोटक नायट्रोसेल्युलोज मिळते, हे शोनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली जगापुढे आणले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने मित्रराष्ट्रांना याच वर्गातील धूरविरहित दारू प्रचंड प्रमाणावर पुरवली. युद्ध संपले आणि त्या क्षमतेचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९२०च्या सुमारास कंपनीच्या प्रयोगशाळेत पातळ, तरीही भरपूर घनद्रव्य असलेले नायट्रोसेल्युलोजचे द्रावण हाती आले. त्यात रंगद्रव्य मिसळून ते फवारता येत होते. द्रावक उडून गेला की रंग वाळला!

८/
या रंगाचे नाव ‘ड्यूको’. जनरल मोटर्सने चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधन विभागाच्या साहाय्याने तो मोटारीवर आणला आणि १९२४च्या मॉडेलची ओकलंड मोटार ‘ट्रू ब्लू’ या नावाने निळ्या रंगात बाजारात उतरली. आठवड्यांचे काम तासांवर आले. १९२७ साली याच कंपनीने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग स्थापला. मोटार ही दरवर्षी नव्या रंगरूपात विकत घेण्याची वस्तू बनण्यामागे विक्रीतज्ज्ञांइतकाच या रंगाचाही वाटा आहे.

९/
ड्यूकोचा पहिला मोठा ग्राहक जनरल मोटर्सच का? ड्यूपॉन्टने १९१७पासून तिच्या समभागांत मोठी गुंतवणूक केली होती. तो हिस्सा सुमारे २३ टक्के होता. या मालकीमुळे रंग आणि कापडाच्या पुरवठ्यात इतरांना समान संधी मिळत नाही, असा दावा अमेरिकी सरकारने केला आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्यूपॉन्टविरुद्ध निकाल दिला. पुढे कंपनीला ते समभाग सोडावे लागले. मोटारीचा रंग मक्तेदारीविरोधी कायद्याच्या इतिहासात असा नोंदला गेला.

१०/
येथे आपल्याकडचा धागा जुळतो. ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाखे’चाच दूरचा वंशज : संस्कृत ‘लाक्षा’, मग ‘लाख’, आणि फारसी-अरबी व पोर्तुगीज मार्गाने तो युरोपात पोहोचला. सावंतवाडीचा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून, घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतो, त्या कामाशी मोटारीच्या रंगाचे हे शब्दापुरते का होईना, नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना काढला. कंपनी पुढे येथून गेली. पण ‘ड्यूको’ हा शब्द भारतात राहिला. आजही लाकडी फर्निचरवरील फवाऱ्याच्या गुळगुळीत रंगाला सुतार ‘ड्यूको पेंट’ म्हणतात.

११/
मात्र ड्यूकोत एक उणीव होती. फवारल्यानंतर तो मंद, निस्तेज दिसे. घासून, पॉलिश करूनच त्याला तकाकी येई. शिवाय उन्हात काही महिन्यांत वरचा थर खडूसारखा भुकटी होई. म्हणजे कारागिराचे जे श्रम कारखान्याने वाचवले, त्यांतले काही थेट मालकाच्या अंगणात येऊन पडले. फडक्याने घासले की फडक्यालाच गाडीचा रंग लागे. रविवारी मोटार घासणारा कुटुंबप्रमुख हे अमेरिकी मध्यमवर्गाचे परिचित चित्र या रंगाशी जोडलेले आहे, आणि पॉलिश व मेणाच्या डब्यांचा व्यापारही.

१२/
त्या मेणाचा राजा म्हणजे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा, पिआउई या कोरड्या प्रदेशांतील एका ताडवृक्षाच्या पानांवर बाष्पीभवन रोखणारा मेणाचा लेप असतो. पाने कापून उन्हात वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवतात. ८० अंश सेल्सिअसच्याही वर वितळणारे हे कठीण मेण मोटारीच्या तापलेल्या पत्र्यावर तग धरते. १९३५ साली एस. सी. जॉन्सन या मेण-पॉलिश कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन हे सिकोर्स्की बनावटीच्या उभयचर विमानाने थेट ब्राझीलमधील फोर्तालेझापर्यंत गेले. हेतू एकच : हा ताड आणखी कोठे, किती मिळेल ते पाहणे. विमानाचे नावही ‘कार्नौबा’च!

१३/
ही साहसकथा रोमांचक आहे. पण ती अर्धी आहे. उंच काठीला कोयता बांधून, कडक उन्हात, काटेरी देठांची पाने कापणाऱ्या हंगामी मजुरांची नावे इतिहासात नाहीत. एकविसाव्या शतकातही ब्राझीलच्या सरकारी श्रम-निरीक्षकांना कार्नौबाच्या मळ्यांत गुलामीसदृश स्थितीत राबणारे मजूर आढळले आहेत : झोपायला छप्पर नाही, प्यायला स्वच्छ पाणी नाही. एका टोकाला आरशासारखे बॉनेट, दुसऱ्या टोकाला हे. वस्तूंचा इतिहास वाचताना दोन्ही टोके एकत्र पाहावी लागतात.

१४/
विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चित्र पुन्हा पालटले. रंगाच्या थरावर पारदर्शक ‘क्लिअरकोट’चा स्वतंत्र थर आला आणि चकाकी कारखान्यातूनच तयार होऊन येऊ लागली. हा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. एकदा जोरकस पॉलिश केले की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. म्हणून जाणते डिटेलर आधी रंगाची जाडी मोजतात, मातीसारख्या मऊ ‘क्ले बार’ने चिकटलेले कण उचलतात आणि मगच यंत्र हाती घेतात. या क्लेचे तंत्र जपानमधून आले. प्रत्येक गाडीला ठरावीकच पॉलिशे असतात. ती जपून खर्चावी लागतात.

१५/
मग गाडीवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे का दिसतात? ओरखडे असतात सर्व दिशांनी. परंतु प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून त्यांचे वर्तुळ भासते. कारण बहुधा धुळीने भरलेले फडके. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन अनेक गाड्या पुसणाऱ्यांना आपण दोष देतो. पण एका गाडीमागे त्यांना मिळणाऱ्या पैशांत स्वच्छ पाणी आणि वेळ बसत नाही. ते ओरखडे निष्काळजीपणाचे कमी, मोबदल्याचे अधिक आहेत.

१६/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न. जुनी मोटार पॉलिश करावी का? कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे १९५०पासून जुन्या मोटारींचे प्रतिष्ठेचे प्रदर्शन भरते. तेथे दीर्घकाळ बाजी मारली ती नव्याहून नव्या दिसणाऱ्या, कारखान्यातही कधी नव्हती अशी चकाकी ल्यालेल्या गाड्यांनी. पुढे एकविसाव्या शतकात मूळ रंग, मूळ चिरा, मूळ झीज राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आला. यामागील तर्क सरळ आहे : गाडी पुनःपुन्हा रंगवता येते, मूळ मात्र ती एकदाच असते.

१७/
हा वाद आपल्याला परका नाही. गावाच्या वेशीवरील वीरगळाला श्रद्धेने ऑइलपेंट फासला जातो, देवळाच्या कोरीव खांबांवर चकचकीत रंग चढतो. आणि मग तो काढण्यासाठी वाळूचा मारा केला की दगडाची त्वचाच सोलली जाते. हेतू दोन्ही वेळा चांगला, हानी दोन्ही वेळा कायमची. मोटारीवरील जुना ड्यूको आणि वीरगळावरील छिन्नीच्या खुणा यांत साम्य हेच की दोन्ही पुरावे आहेत, आणि पुरावा घासून परत मिळत नाही.

१८/
सारांश : चकाकी नाहीशी होत नाही आणि फुकटही मिळत नाही, तिच्यामागचे श्रम फक्त जागा बदलतात. बग्गी रंगवणाऱ्याकडून कारखान्याकडे, कारखान्याकडून मालकाच्या अंगणात, तेथून डिटेलिंग स्टुडिओत आणि पहाटेच्या बादलीपर्यंत. घरातील जुन्या अल्बममध्ये १९६०पूर्वीच्या मोटारीचे छायाचित्र असेल तर एकदा निरखून पाहा : तिच्या दारात काय प्रतिबिंबित झाले आहे, आणि ती घासणारा चौकटीत आहे की बाहेर? सापडल्यास खाली प्रतिसादात जरूर लिहा.

(धागा समाप्त)