हरिभाऊंचा पुढचा हप्ता

आजचा एपिसोड एका मेसेजवरून सुचलाय. आपल्या एका श्रोत्यानं लिहिलंय, "दादा, कादंबरी लिहायला घेतली आहे. फोनच्या नोट्समध्ये तीन प्रकरणं झालीत. आठ महिने झाले, चौथं काही होत नाही. आणि झालं तरी छापणार कोण?"

खरं सांगू का, मेसेज वाचून मी गप्पच बसलो. माझ्याही फोनमध्ये अशीच एक फाइल आहे. तिचं नाव 'फायनल २'. त्यात सहा पानं आहेत.

म्हणून आज टिप्स द्यायच्या आधी एक गोष्ट सांगतो. सव्वाशे वर्षांहून जुनी, पुण्यातली. गोष्ट आहे हरी नारायण आपटे यांची, म्हणजे आपल्या हरिभाऊंची. शाळेच्या पुस्तकात नाव वाचलं असेल, परीक्षेपुरतं. आज जरा माणूस म्हणून बघू.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण मुंबई-पुण्यात. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला कोण, तर चिपळूणकर, टिळक, आगरकर! त्यातल्या आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर केलं, 'विकारविलसित'. आणि ह्या विशीतल्या पोरानं आपल्याच शिक्षकाच्या पुस्तकावर लांबलचक टीका लिहून छापून आणली. वाचन दांडगं, लेखणी धीट. पण गणितानं दगा दिला आणि बी.ए. काही पूर्ण झालं नाही. म्हणजे मराठी कादंबरीचा पाया घालणाऱ्या माणसाकडे पदवी नव्हती. डिग्रीवाल्यांनी आणि बिनडिग्रीवाल्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवा.

आता तेव्हा मराठीत कादंबरीची अवस्था काय होती? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली होती. विधवांच्या हालांवरची, धाडसी. पण त्यानंतर लोकांना गोडी लागली ती 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' असल्या अद्भुत गोष्टींची. राजपुत्र, सुंदरी, कपटी मंत्री, योगायोगावर योगायोग. रा. भि. गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहून ऐतिहासिक कादंबरीची वाट उघडली. पण शेजारच्या वाड्यात राहणारी, रोज विहिरीवर दिसणारी माणसं कादंबरीत फारशी येत नव्हती.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती'. १८८५ साली ती 'पुणेवैभव' साप्ताहिकात येऊ लागली. तेव्हा त्यांचं वय होतं एकवीस. आणि आता मजा ऐका. ही कादंबरी पूर्ण स्वतःच्या डोक्यातली नव्हती. रेनॉल्ड्स नावाचा इंग्रज लेखक तेव्हा भलताच खपायचा, त्याच्या कादंबरीचा आधार घेऊन हरिभाऊंनी पुण्यातलं जग उभं केलं. पुढे 'म्हैसूरचा वाघ' लिहिली तीही मेडोज टेलरच्या कादंबरीवरून.

म्हणजे सुरुवातीला हात धरूनच चालले. आपल्याकडे नवीन लिहिणाऱ्याला फार लाज वाटते, की माझं लिखाण अमक्यासारखं होतंय. होऊ दे की. तालमीत पहिल्या दिवशी कुणी स्वतःचे डाव शोधत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळा. आधार घेतला तर तो कबूल करा. आणि आयुष्यभर तिथेच राहू नका.

हरिभाऊ राहिले नाहीत. १८९० साली त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'करमणूक'. काळ बघा. एकीकडे 'केसरी', दुसरीकडे 'सुधारक'. संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलेलं. मुलगी दहा वर्षांची झाली की नवऱ्याला शरीरसंबंध कायद्यानं चालत होता, ते वय बारा करायचं की नाही यावर रणकंदन. १८९१ला कायदा झाला. त्या गदारोळात हा माणूस 'करमणूक' असं साधं नाव ठेवून घराघरात शिरला, आणि त्यात दर आठवड्याला एका यमूची गोष्ट छापायला लागला. तीच 'पण लक्षात कोण घेतो?'

यमू म्हणजे पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. लहानपणीचे खेळ, भाऊ, लग्न, सासर. नवरा समजूतदार, तिला वाचायला-लिहायला शिकवतो, मुंबईत थोडे दिवस सुखाचे जातात. मग नवरा जातो. आणि पुढे तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. कादंबरीत भाषण नाही, कायद्याची चर्चा नाही. एक मुलगी तुमच्याशी बोलते, बस. अग्रलेखानं ज्यांना हलवलं नसतं त्यांना यमूनं रडवलं.

इथे लेखनाचा पहिला मोठा धडा आहे. हरिभाऊ पुरुष, वय पंचविशीच्या पुढे-मागे. पण यमूची भाषा माजघरातली आहे. चुलीपाशी, न्हाणीपाशी बायका जशा बोलायच्या तशी. ती पुस्तकं वाचून येत नाही, ती कान देऊन येते. तुम्हाला डिलिव्हरी बॉयवर लिहायचंय? आधी त्याच्याबरोबर चहा प्या आणि त्याला बोलू द्या. तुम्ही कमी बोला.

दुसरा धडा हप्त्याचा. ही कादंबरी आधी पूर्ण लिहून मग छापली नव्हती. हप्त्या-हप्त्यानं येत होती. पुढचा अंक आला की मजकूर हवाच. मूड नाही, पाहुणे आलेत, डोकं दुखतंय, काही चालत नाही. आणि हरिभाऊ काही दिवसभर फक्त लिहीत बसत नव्हते. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांसाठी आनंदाश्रम संस्था काढली होती, तिचा कारभार त्यांच्या गळ्यात. पुढे नगरपालिकेचं काम. म्हणजे आपल्या भाषेत फुलटाइम जॉब. तरी 'करमणूक' त्यांनी जवळपास अठ्ठावीस वर्षं चालवलं. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' ह्याच रेट्यात झाल्या. शिवाय 'स्फुट गोष्टी'. मराठी लघुकथेची सुरुवात सांगताना त्यांचंच नाव घेतात.

पण थांबा. फक्त कौतुक करून सोडलं तर ती अर्धीच गोष्ट होईल.

हरिभाऊंच्या काही सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. 'गणपतराव' अपुरी. 'आजच' अपुरी. 'कर्मयोग' अपुरी. एवढा मोठा लेखक, स्वतःचं साप्ताहिक हातात, वाचक वाट बघतायत, तरी! जे हप्त्यानं दिलं, त्यातलं काही हप्त्यानंच नेलं. हप्ता तुम्हाला लिहायला बसवतो, पण गोष्ट कुठे चाललीय ते तो सांगत नाही.

मग 'पण लक्षात कोण घेतो?' पूर्ण कशी झाली? माझा एक अंदाज आहे, पटतोय का बघा. यमू सगळं घडून गेल्यावर मागे वळून सांगते. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे, म्हणून लिहिणाऱ्यालाही मुक्काम ठाऊक होता. 'मी' ही कादंबरीही आत्मकथनासारखी, तीही पूर्ण. 'उषःकाल'मध्ये शेवट इतिहासानंच देऊन ठेवलेला. जिथे मुक्काम माहीत होता तिथे गाडी पोचली.

म्हणून मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, माझं तुला एवढंच सांगणं आहे. चौथं प्रकरण बाजूला ठेव. आज रात्री शेवटचं पान लिही. कच्चं, वाईट, कसंही. नंतर बदल हवं तर. मग एक वार ठरव, आणि त्या वारी एका तरी माणसाला पुढचा भाग पाठव. मैत्रिणीला पाठव, मावशीला पाठव. 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर भागाभागानं गोष्टी येतातच, तिथे टाक. हे नवीन काही नाही, 'करमणूक'चंच फोनवरचं भावंडं आहे. कुणीतरी वाट बघतंय, हे कळलं की हात चालतो.

आता "छापणार कोण?" ह्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी माझ्या कथा घेऊन मी एका ठिकाणी गेलो होतो. त्यांनी न वाचताच हो म्हटलं. मी हवेत! मग कागद पुढे आला. छपाईचा खर्च माझा, हक्क सगळे त्यांचे, मुदतीची जागा कोरी. सही करणारच होतो, बायकोनं पेन काढून घेतलं.

पैसे भरून पुस्तक काढणं हा गुन्हा नाही. पण आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे त्यात हवं. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, सिनेमा हे वेगवेगळे हक्क आहेत, एका सहीत सगळे देऊन टाकू नका. आणि कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, त्याला नोंदणीची सक्ती नाही. न वाचता हो म्हणणारा प्रकाशक भेटला तर नाचू नका. वाचून नाही म्हणणारा परवडला, निदान त्यानं वाचलं तरी.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हरिभाऊ होते. ३ मार्च १९१९ला ते गेले. पंचावन्न वर्षंही पुरी झाली नव्हती. मागे पूर्ण कादंबऱ्या राहिल्या, अपुऱ्याही राहिल्या. अपुऱ्या का होईना, त्या लोकांपर्यंत पोचल्या. माझी 'फायनल २' कुणीच वाचलेली नाही.

तर मंडळी, मीही शब्द देतो. पुढच्या एपिसोडच्या आधी त्या फाइलचं शेवटचं पान लिहून होईल. झालं की इथेच सांगेन, नाही झालं तर तेही सांगेन. तुम्ही तुमचा वार ठरवा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!