वाशीमची मध्यरेषा आणि दूरची तारासूची

वाशीम गावात मध्यमेश्वराचे देऊळ आहे. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा येथून जात असे, असे गावात सांगतात. या सांगण्याला ग्रंथाचाही आधार आहे. इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिणारे पहिले भास्कराचार्य (लीलावतीकार भास्कराचार्य त्यांच्यानंतर सुमारे पाच शतकांनी झाले) यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात मध्यरेषेवरील स्थळांची यादी दिली आहे. दक्षिणेला लंका, उत्तरेकडे अवंती म्हणजे उज्जैन, पुढे ठाणेसर. आणि अवंतीच्या अलीकडे वात्स्यगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, म्हणजेच आजचे वाशीम.

ग्रहांची स्थिती मध्यरेषेवरील वेळेसाठी काढीत. इतर गावच्या गणकाला तीत देशांतराचा संस्कार करावा लागे. यादीतल्या गावांना मात्र तो नको.

आता नकाशा उघडून पाहू. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, वाशीमचे ७७ अंश ८ कला. म्हणजे वाशीम उज्जैनच्या रेषेपासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे आणि तेथला मध्यान्ह साडेपाच मिनिटे आधी होतो. घटिका २४ मिनिटांची, त्यामुळे हा फरक पाव घटिकाही नाही. चंद्रग्रहणाची गणिताने आलेली वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील अंतरावरून देशांतर काढायचे, तेही घटिकापात्रावर! आमच्या मते चूक क्षम्य आहे. पण यादीवर विसंबून वाशीमच्या गणकाने संस्कार गाळला, तर त्याचा चंद्र सुमारे ३ कला चुकणार. आणि यादी काही त्याला हटकणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळेच. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १९७२ साली ताऱ्यांच्या माहितीचे केंद्र स्थापन झाले. तेथील ‘व्हिझिएर’ हा तारासूचींचा संग्रह १९९६ पासून सर्वांना खुला आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतही त्याची प्रत ठेवण्यात आली होती. या संग्रहाला ‘व्हिझक्वेरी’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने प्रश्न विचारता येतो. चित्रे नाहीत, बटणे नाहीत; काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची. तीत सूचीचा क्रमांक, आकाशातील स्थान आणि किती कलांच्या परिघात शोधायचे, एवढे सांगायचे. शोध तिकडच्या संगणकावर होतो आणि जुळणाऱ्या ओळी तेवढ्या परत येतात. लाखभराहून अधिक ताऱ्यांची हिपार्कोस सूची स्वतःजवळ बाळगावी लागत नाही. मंद जोडणी असलेल्या शाळेला ही मोठीच सोय.

आम्ही चित्रा नक्षत्राचा तारा विचारला. स्थान एका जुन्या नकाशावरून घेतले: विषुवांश १३ तास २२.५ मिनिटे, क्रांती दक्षिण १० अंश ५४ कला. परीघ ५ कला. चित्रा आली नाही! आज्ञेत चूक नव्हती, सूचीतही नव्हती. नकाशा १९५० च्या संपातावरून मोजलेला होता आणि व्हिझक्वेरी, वेगळे काही न सांगितल्यास, २००० चा संपात धरते. संपात दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. ५० वर्षांत ४२ कला, पूर्ण चंद्रबिंबाहून अधिक. आपले पंचांगवाले चित्रा की रेवती म्हणून भांडतात, तेही आरंभ कोठून धरायचा यावरूनच. दाट सूचीला हाच प्रश्न विचारला असता, तर तिने भलतेच तारे बिनतक्रार हाती दिले असते. तो धोका अधिक वाईट, कारण रिकामे उत्तर निदान शंका तरी आणते.

स्थान बदलून १३ तास २५.२ मिनिटे, दक्षिण ११ अंश १० कला असे दिले. लगेच ओळ आली: तारा क्रमांक ६५४७४. सूचीच्या २००७ च्या सुधारित आवृत्तीत त्याचे लंबन सुमारे १३ सहस्रांश विकला आहे. ३.२६ ला ०.०१३ ने भागा. चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर आहे.