हेपॅटोब्लास्टोमा आणि यकृत प्रत्यारोपण

हेपॅटोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले असतात. रोग विरळा असला, तरी अपुऱ्या दिवसांच्या, फार कमी वजनाच्या बाळांत त्याचा संभव वाढतो. पोटातली गाठ पुष्कळदा आंघोळ घालताना घरच्यांच्याच हाताला लागते. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन सहसा खूप वाढलेले असते. उपचार लागू पडतो आहे की नाही, हेही त्यावरून कळते.

उपचाराचा कणा म्हणजे सिस्प्लॅटिन हे औषध आणि त्यानंतरची शस्त्रक्रिया. केमोथेरपीने गाठ आक्रसते व यकृताचा रोगग्रस्त भाग काढता येतो. ‘प्रीटेक्स्ट’ या वर्गीकरणात यकृताचे चार विभाग कल्पून किती विभाग मोकळे आहेत ते पाहतात. चारही विभागांत गाठी असतील किंवा प्रवेशिका नीलेसारख्या मुख्य रक्तवाहिन्या वेढल्या गेल्या असतील, तर बहुधा संपूर्ण यकृत काढून दुसरे बसवावे लागते. फुप्फुसात पसरलेला रोग औषधांनी वा शस्त्रक्रियेने आधी नाहीसा झाला, तर प्रत्यारोपणाचा मार्ग बंद होत नाही.

जगातले पहिले दीर्घकाळ टिकलेले यकृत प्रत्यारोपण कर्करोगग्रस्त बालिकेवरच झाले, हे सहसा विसरले जाते. शल्यविशारद टॉमस स्टार्झल यांनी १९६७ मध्ये डेन्व्हर येथे सुमारे दीड वर्षाच्या मुलीवर ते केले. ती वर्षाहून अधिक जगली. नवे यकृत चालले, कर्करोग मात्र परतला. पुढे सिस्प्लॅटिनने चित्र पालटले. शल्यविशारद जाँ-बर्नार ऑत व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जगभरातील १४७ मुलांची माहिती मांडली : केमोथेरपीनंतर थेट प्रत्यारोपण झालेल्यांत सहा वर्षांनी ८२ टक्के जिवंत होती, आधी यकृत कापून पाहिले, ते फसले आणि मग प्रत्यारोपण केले, अशांत केवळ ३० टक्के. म्हणून धाडसी काटछाट करून प्रत्यारोपण शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणे चुकीचेच. मोठी गाठ दिसताच बाळ प्रत्यारोपण केंद्राला दाखवावे.

आई किंवा वडिलांच्या यकृताचा डावीकडील छोटा भाग बाळाला पुरतो. जिवंत दाता असला की शस्त्रक्रियेचा दिवस केमोथेरपीच्या वेळापत्रकात बसवता येतो, हा मोठा फायदा. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक ठरले; म्हणजे तेही दाते होऊ शकतात.

प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधे दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागतात. ती आणि सिस्प्लॅटिन, दोन्ही मूत्रपिंडाला जड. सिस्प्लॅटिनने श्रवणशक्तीही कमी होऊ शकते. सोडियम थायोसल्फेट दिल्यास श्रवणदोषाचे प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर येते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मात्र यकृताचे चारही विभाग गाठींनी व्यापलेली, म्हणजे बहुधा प्रत्यारोपण लागणारी, मुले त्या चाचणीत नव्हती.